भिंतीवरचा हिशेब

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या गावांना कुलपं लागायला सुरुवात होते. शिरूर, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, तालुका कोणताही घ्या. मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहतो. भांडी, गोधड्या, पाटी-टोपलं, कोंबड्या आणि लहानी पोरं वर चढवली जातात आणि पाच-सहा महिन्यांसाठी माणूस घर, माती, म्हातारी आई सगळं मागं टाकून निघतो. संन्याशाला एवढं सोडायला निम्मा जन्म लागतो. आमच्याकडं ते दरसाल एका सकाळीत उरकतं.

म्हणून विरक्ती हा शब्द आमच्या भागात जरा जपून वापरावा, असं मला वाटतं.

शब्द आम्हाला परका नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. नारायणगड, गहिनीनाथगड, भगवानगड ही आमची दैवतं. गावोगाव हरिनाम सप्ताह. नारळी सप्ताहाचा नारळ यंदा कोणत्या गावाला मिळतो यावर भावकी आपली भांडणं बाजूला ठेवते. सप्ताहात सात दिवस कीर्तन ऐकायचं आणि विषय बहुतेक एकच: लोभ सोडा, मोह सोडा, देहाचा अभिमान सोडा, म्हणजे शांती मिळेल. ऐकायला गोड वाटतं. चुकीचंही नाही. पण एका काल्याच्या कीर्तनात, मी तेव्हा नुकताच मास्तरकीला लागलो होतो, मागं बायकांत बसलेली एक म्हातारी मध्येच बोलली. पुढच्या रांगेत शाल-नारळ घेतलेले दोन मुकादम बसले होते. म्हातारी म्हणाली, "महाराज, लोभ सोडा म्हणताव ते बराबर हाय. पर म्होरं बसल्यात त्यांना म्हणताव का मागं बसल्यात त्यांना?" मंडपात खसखस पिकली. महाराजांनी टाळकऱ्यांकडं पाहून गजर धरला आणि वेळ निभावली.

प्रश्न मात्र राहिला. ज्याच्याजवळ धरायलाच काही नाही त्यानं सोडायचं काय?

यावर कीर्तनात हमखास अरणच्या सावता माळ्याचं उदाहरण येतं. सावतोबा पंढरीला गेला नाही, मळ्यातच त्याला देव भेटला. तुम्हीही कामात देव बघा. माझी आई अशी कथा ऐकून डोळे पुसायची. पण तिचा फड बऱ्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातच असायचा. कार्तिकी एकादशीला पंढरपूर हाताच्या अंतरावर, एसटीनं तासाभराचा रस्ता. तरी तिला जाता येत नव्हतं, कारण एक दिवस कोयता थांबला की खाडा पडायचा आणि खाड्याचे पैसे उचलीत चढायचे. ती मोळी बांधता बांधता पंढरपूरच्या दिशेला तोंड करून हात जोडायची आणि मोळी डोक्यावर घ्यायची. सावतोबाचा मळा सावतोबाचा होता. फड दुसऱ्याचा असतो. हा फरक कथेत कुणी सांगत नाही.

मग गरिबाची शांती ती कोणती? अगतिकतेलाच आपण भक्ती म्हणतो आहोत का? शहरातली माझी काही मित्रमंडळी तसंच म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर आजी आहे, आणि ती त्या म्हणण्यात बसत नाही.

आई-बाप तोडीला गेले की मी आजीजवळ राहायचो. तिला अक्षर येत नव्हतं. चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढायची. आडवी रेघ शंभराची, उभी दहाची. उचल किती घेतली, खर्चीला किती आले, वाण्याचं किती देणं, कुणाला पायलीभर ज्वारी उसनी दिली, सगळं त्या भिंतीवर. गुढीपाडव्याच्या मागं-पुढं पट्टा पडला, माणसं माघारी आली, की ती बापाला भिंतीसमोर बसवायची आणि किती खेपा झाल्या, किती टन भरलं, ते विचारून रेघा खोडायची. त्याच चुलीपाशी संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायची. तो अख्खा तोंडपाठ. एकदा मी विचारलं, "आज्जे, हरिपाठ एवढा पाठ हाय, मग हिशेब का पाठ ठिवीत न्हाईस?" ती म्हणाली, "भित्तीवर ठिवलाय नव्हं? मग डोस्क्यात कशाला? डोस्क्यात जागा एकच हाय."

मी सातवीत असताना त्या हंगामात धाकटा चुलता गेला. भरलेली गाडी उतारावरून कारखान्याकडं जात होती, बैल बुजले, जू मोडलं, आणि तो चाकाखाली आला. तिकडंच अग्नी दिला. सांगावा घेऊन माणूस आला तेव्हा आजी दळण दळत होती. तिनं जात्याचा खुंटा सोडला नाही, नुसती थांबली. दोन दिवस तिच्या तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं दिवा लावला आणि हरिपाठाला बसली. गल्लीतल्या बाया कुजबुजल्या, म्हातारीचं काळीज दगडाचं. काही म्हणाल्या, पोचलेली बाई. मला दोन्ही पटलं नाही. मी तिच्या मांडीला टेकून बसलो होतो. तिचा आवाज फाटत होता, आणि फाटला की ती थांबायची, पदरानं तोंड पुसायची, आणि जिथं थांबली तिथूनच पुढं धरायची.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला मुकादम आला. आधी रडला. खोटं रडला असं म्हणणार नाही, चुलत्यावर त्याचा जीव होता. मग मुद्द्यावर आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. आता कोयता मोडला होता, पण उचल तशीच होती. चुलतीनं पुढच्या साली दुसऱ्या कुणाबरोबर तरी यावं, नाहीतर पैसे द्यावेत. आणि जाता जाता म्हणाला, "माय, सगळं त्या पांडुरंगाच्या हातात. मीबी माळकरीच हाय. मनाला लावून घेऊ नका, सोडून द्यायचं."

आजी उठली, त्याच्या दंडाला धरून त्याला चुलीमागं नेलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. "माझा लेक देवानं नेला. त्याचा हिशेब मी देवाला मागत न्हाई. ह्यो तुझा हाय. ह्यो मी तुला मागते." मेलेल्या दिवसापर्यंतच्या खेपा, कापलेलं कमिशन, न दिलेली खर्ची, एकेक रेघ तिनं मोजून दाखवली. मुकादम तणतणत गेला. पुढं चार माणसं बसली, आणि चुलत्याच्या वाटणीची उचल मिटली. चुलतीच्या वाटणीची राहिली. ती फेडायला चुलती भावाबरोबर आणखी तीन पट्टे गेली. यात कुणाचा विजय झाला असं मला कधी वाटलं नाही. त्यानंतर आजीनं मरेपर्यंत उसाचं टिपरू तोंडाला लावलं नाही. हा मोहच म्हणायचा. विरक्तीच्या वहीत तो कुठं मांडायचा ते पंडितांनी बघावं.

पण त्या दिवशी चुलीमागं मी जे पाहिलं ते मला नंतर कोणत्या पोथीत एवढं स्वच्छ दिसलं नाही. मागणं सोडलं म्हणजे मन शांत होतं, अशी आपली समजूत असते. आजीनं मागणं सोडलं नव्हतं. एक मागणं तिनं जिथं करायचं तिथं केलं, आणि दुसरं, ज्याला जगात कुणीच उत्तर देऊ शकत नाही, ते देवाच्या पायाशी ठेवून हात मोकळे केले. मुकादम या दोहोंची सरमिसळ करू बघत होता. देवाला सोडायचं ते त्याला सोडावं, असा त्याचा डाव. मनाची अशी वाटणी ज्याला करता येते त्याला झोप लागते. आजीला झोप लागायची.

आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची गोष्ट मी शाळेत पोरांना सांगायचो तेव्हा मला हीच भिंत आठवायची. दासोपंत इ. स. १५५१चे. घरात देशपांडेपण, पैसा-अडका भरपूर. परंपरा असं सांगते, की सरकारसारा थकला म्हणून बिदरच्या बादशहानं हे पोरगं ओलीस ठेवून घेतलं. पैसे भरा आणि मुलगा न्या. पुढं दत्तानं वेषांतर करून सारा भरला म्हणतात. तो चमत्कार ज्याला मानायचा त्यानं मानावा. मला त्यात दिसतं ते एवढंच, की इतक्या मोठ्या विरक्ताची सुरुवात बाकीपोटी धरून ठेवलेलं लेकरू अशी झाली. उचलीपोटी धरून ठेवलेली माणसं आमच्या प्रत्येक वस्तीवर आहेत. दासोपंतांना ते कळलं असतं.

पुढं त्यांनी घरदार सोडलं, पण हात सोडले नाहीत. गीतार्णव हा त्यांचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगतात. आणि त्यांची ती पासोडी! पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचं जाड कापड, गोरगरिबाचं पांघरूण. तसल्या चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढलं. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवायचे, अशी आख्यायिका आहे. १६१५ साली त्यांनी अंबाजोगाईलाच देह ठेवला. ज्याला कशाचाच लोभ उरला नाही त्या माणसानं एवढी शाई संपवावी! माझ्या आजीच्या भाषेत, डोक्यातलं सगळं कापडावर ठेवलं आणि आतली जागा मोकळी केली.

भगवानबाबांचंही तसंच. १८९६ साली पाटोद्याच्या सावरगाव घाटात जन्मलेला हा माणूस नारायणगडावर वाढला, तिथं त्यानं सेवा केली, आणि एक दिवस त्याला तो गड सोडावा लागला. गादीसाठी ते भांडत बसले नाहीत. खरवंडीजवळ धौम्यऋषींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावर नव्यानं सुरुवात केली. आज तो भगवानगड. इथपर्यंतची गोष्ट कीर्तनात येते. पण गादी सोडणाऱ्या या माणसानं लोकांना काय सोडायला सांगितलं? दारू सोडा, देवापुढची कोंबडी-बकरी कापणं सोडा. आणि धरायला काय सांगितलं? पोरांची शाळा. तोडीला जाणाऱ्या आमच्या आई-बापांनी पोरांना मागं ठेवून शिकवावं, हे त्या काळी एका बाबानं सांगावं लागलं. १९६५ साली बाबा गेले. मी शिकलो त्यात त्या सांगण्याचा वाटा आहे, कारण आजीनं मला ट्रकात चढू दिलं नाही.

माळेबद्दलही इथं बोललं पाहिजे. शहरात गळ्यातली तुळशीची माळ म्हणजे एक खूण असते. कोपीवर माळेचा अर्थ अगदी रोकडा असतो. दिवसभर ऊस तोडून अंग मोडलेलं, शेजारच्या कोप्यांतून बाटली फिरतेय, आणि हा एकटा माळेकडं बोट दाखवून नको म्हणतो. त्याच्या बायकोला त्या रात्री मार पडत नाही. मला विचाराल तर आमच्या जिल्ह्यात वैराग्याचं यापेक्षा खरं माप दुसरं नाही, आणि ते माप बायकांच्या हातात आहे.

आणि बायकांचाच विषय निघाला म्हणून. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची आकडेवारी आली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या. दुखणी होती, डॉक्टरांनी भीती घातली होती, आणि खाडा परवडत नव्हता. तिशीतल्या बायकासुद्धा त्यात होत्या. त्यानंतर एका प्रवचनात मी कानांनी ऐकलं, की आमच्या माउल्यांचा त्याग केवढा! मी उठून बाहेर आलो. घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणायचं नसतं. जे माणसाकडून ओरबाडलं जातं त्याचं पुण्य त्याच्या नावावर जमा करणं म्हणजे मुकादमाचीच वही पुढं चालवणं. देव त्या वहीवर सही करीत असेल असं मला वाटत नाही.

चुलती आता सत्तरीला आली. तिची दोन्ही पोरं शिकली. एक तलाठी आहे, दुसरा पुण्याला कंपनीत. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा ती भिंतही गेली. चुलती आषाढीला चालत जाते. नाथांची पालखी पैठणहून निघून आमच्याच भागातून पुढं पंढरपूरला जाते, तिथं ती दिंडीत मिळते. एका वर्षी मी तिला विचारलं, "काकू, इतकी वर्षं चालतीस, चुलत्याचं दुःख गेलं का गं?" ती पायाला तेल लावत होती. म्हणाली, "जायाला ते काय पाव्हणं हाय? घरचंच झालंय आता. चालताना संगंच असतं. पर चालू देतं."

यंदा पेरणी लांबली होती, घरात बियाण्याची जुळवाजुळव चालू होती. निघायच्या दिवशी तिनं ट्रंकेतून वही काढली. बियाणं-खताची उधारी, बचत गटाचा हप्ता, दूधवाल्याची बाकी, सगळं नातीच्या अक्षरात. वही माझ्या हातात दिली, "मी येईस्तोवर तू बघ. दूधवाला दोन लिटर जास्ती लावतो, ध्यान ठिव," म्हणाली, तुळशीला हात जोडले आणि पिशवी खांद्याला अडकवून वाटेला लागली.