मार्जारकिशोर आणि गृहस्थ

भारतीय तत्त्वचिंतनाने मांजराच्या पिल्लाला मानाचे स्थान दिले आहे. श्रीवैष्णव संप्रदायातील वडगलै आणि तेंगलै या दोन शाखांत ईश्वरकृपेच्या स्वरूपासंबंधी जो मतभेद झाला, तो सांगताना दोन न्याय नेहमी पुढे केले जातात. माकडाचे पोर आईच्या पोटाला स्वतः बिलगून राहते; तद्वत भक्तानेही आपल्याकडून काही यत्न केला पाहिजे, असे वेदान्तदेशिकांची परंपरा मानणारे वडगलै म्हणतात. हा मर्कटकिशोरन्याय. मांजराचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही. आई मानगूट दातांत धरून नेईल तिकडे ते जाते. जीवाने असेच निःशेष स्वाधीन व्हावे, हा पिळ्ळै लोकाचार्यांच्या अनुयायांचा, म्हणजे तेंगलैंचा, मार्जारकिशोरन्याय. निरीक्षण म्हणून हा दृष्टान्त अचूक आहे. मानगूट धरताच पिल्लाचे अंग सैल पडते, पाय पोटाशी दुमडतात आणि ते निश्चल होते. ही त्याची उपजत प्रतिक्रिया होय.

परंतु या न्यायातील पिल्लू जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पिल्लाचे डोळे साधारणतः सात ते दहा दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते भावंडांशी झोंबू लागते, आणि सात-आठ आठवड्यांचे झाले की हलणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पंजा टाकते. नेमक्या याच वयात ते माणसाच्या घरी येते. आता त्याची मानगूट कोणाच्याही दातांत नाही. साडीच्या निऱ्यांना लोंबणारे, लोकरीचा गुंडा सोडवत घरभर धागा पसरणारे, पडद्यावर चढून मग उतरता येत नाही म्हणून आकांत करणारे हे पिल्लू शरणागतीचे प्रतीक म्हणून कोणत्याही आचार्याच्या उपयोगी पडले नसते. ते स्वाधीन नाही आणि स्वतंत्रही नाही. त्याला घरी आणणारा गृहस्थ तर ईश्वर नव्हे आणि आईही नव्हे. कोणत्या नात्याने त्याने या जीवाला वाढवावयाचे, याचे उत्तर दोन्ही न्यायांत मिळत नाही.

पिल्लाच्या आगमनाने घरात जो आनंद पसरतो तो खेळाचा आनंद आहे, हे उघड आहे. पण खेळ कशासाठी, या प्रश्नाला तत्त्वज्ञांनी आणि शास्त्रज्ञांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. जर्मन विचारवंत कार्ल ग्रूस यांनी १८९६ मध्ये प्राण्यांच्या खेळाविषयी ग्रंथ लिहून खेळ ही पुढील आयुष्याची पूर्वतयारी होय, असे प्रतिपादन केले. दोरीवर झेपावणारे पिल्लू उद्याच्या उंदरावर झेपावण्याचा सराव करीत आहे, ही समजूत तेव्हापासून इतकी रूढ झाली की ती सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली. टी. एम. कॅरो यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र, लहानपणी वस्तूंशी खेळावयास मिळालेली आणि न मिळालेली मांजरे पुढे शिकारीत फारशी भिन्न ठरली नाहीत. उपयुक्ततेच्या उपपत्तीला त्यामुळे धक्का बसतो, आणि भारतीय वाचकाच्या मनात साहजिकच ‘लीला’ हा शब्द उभा राहतो.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सृष्टीच्या निर्मितीला लीला म्हटले आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य दोन दाखले देतात : ज्याला काहीही मिळवावयाचे उरलेले नाही असा राजा निष्प्रयोजन क्रीडा करतो, आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही हेतूवाचून चालतो. पिल्लाच्या खेळाला यांतला दुसरा दाखला अधिक जवळचा आहे. ते खेळते, कारण ते पिल्लू आहे. यापलीकडे कारण शोधू जाणे म्हणजे त्याच्या खेळाला आपल्या हिशेबाच्या वहीत नोंदवणे होय. तथापि येथेही फार उंच उडी घेऊ नये. हॉल आणि ब्रॅडशॉ यांनी १९९८ मध्ये प्रौढ मांजरांवर केलेल्या अभ्यासात भुकेली मांजरे खेळण्यांशी अधिक जोमाने खेळतात, असे आढळले. पूर्णकाम राजाची क्रीडा भुकेने वाढत नसते. मांजराच्या लीलेत शिकार मिसळलेली आहे. दोहोंमधील रेषा मांजराने आखलेली नाही आणि माणसालाही ती आखता येत नाही. मांजराचा खेळ होतो पण उंदराचा जीव जातो, ही म्हण ज्या समाजाने घडविली त्याला हे पुरते ठाऊक होते.

म्हणूनच पिल्लाशी खेळणाऱ्याच्या हातावर जे ओरखडे उमटतात त्यांत नीतीचा एक छोटासा पेच दडलेला असतो. दोन महिन्यांचे पिल्लू बोट चावते तेव्हा घरातील सगळे हसतात, बोट पुन्हा पुढे करतात, पाहुण्यांना बोलावून दाखवितात. तेच पिल्लू आठ महिन्यांचे होऊन तसेच चावते. आता दात पक्के आहेत, रक्त येते, आणि हसणारा हातच चापट मारतो. पिल्लाच्या वर्तनात विसंगती नाही. जे शिकविले गेले तेच त्याने केले. बदलली ती शिकविणाऱ्याची सोय. पिल्लाचे संगोपन करणारे जाणते लोक आरंभापासून हाताऐवजी दोरी किंवा काठीला बांधलेले चिंधीचे फूल पुढे करतात आणि चावा बसताच खेळ थांबवितात. हा त्यांच्या युक्तीइतकाच प्रामाणिकपणाचाही भाग आहे. जे उद्या अपराध ठरणार आहे त्याचे आज कौतुक करावयाचे नाही, एवढे पथ्य माणसाच्या मुलांच्या बाबतीतही फार थोडे पाळतात.

अपराध हा शब्दच येथे कितपत लागू पडतो? फुटलेल्या बशीपाशी तासाभराने नेऊन पिल्लाला रागे भरले तर त्या रागाचा बशीशी काही संबंध आहे, हे त्याला उमगत नाही. त्याला उमगते ते एवढेच की हा माणूस कधीकधी भयंकर होतो. ‘खोडकर’, ‘लबाड’, ‘चोरटे’ ही विशेषणे त्याला चिकटविताना भाषा त्याच्या ठायी एक हेतू कल्पिते आणि मग त्या कल्पित हेतूबद्दल त्याला शिक्षा होते. बंगालमध्ये षष्ठीदेवीच्या व्रताची कथा सांगतात. घरातील धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर हे देवीचे वाहन. ते सुनेची एकेक मुले उचलून देवीकडे नेते, आणि सुनेने क्षमा मागितल्यावरच ती परत मिळतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर आळ घालणे किती सोपे असते, हे व्रतकथेच्या रचनाकारांनी नेमके हेरले होते.

याहून बिकट प्रश्न अन्नाचा आहे, आणि भारतीय घरांत तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. कोकणात किंवा बंगालात, जेथे मासळीचे डोके किंवा मूठभर सुकट सहज निघते, तेथे तो जाणवत नाही. परंतु पिढ्यानपिढ्या शाकाहारी असलेल्या घरात पिल्लू येते तेव्हा त्याच्यापुढे दूधभाताची वाटी ठेवली जाते. भावना निर्मळ असते : आपण खातो तेच त्यानेही खावे. मांजराचे शरीर मात्र या भावनेला दाद देत नाही. दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांना गाईम्हशीचे दूध नीट पचत नाही. टॉरीन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला अत्यावश्यक आहे, ते मांसमासळीत असते, डाळीतांदळात नसते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजत जातो, हे १९७५ पासून ज्ञात आहे. वाघाप्रमाणेच मांजरही निसर्गतः मांसभक्षक आहे. दूधभातावर पोसलेली मांजरे धडधाकट दिसतात याचे कारण बहुधा हेच की त्यांचे उरलेले जेवण गच्चीवर, वळचणीला आणि शेजाऱ्यांच्या घरी होत असते. खिडक्यांना जाळ्या लावलेल्या चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत तीही वाट बंद होते.

येथे एका जुन्या कथेचे स्मरण अपरिहार्य आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाला दूत म्हणून पाठवितो आणि युधिष्ठिराला हिणविण्यासाठी त्याच्यातर्फे मांजराची गोष्ट सांगावयास लावतो. गंगेच्या काठी हात वर करून तप करणारे ते मांजर. मांसाहार सोडला असे ते भासविते, उंदीर विश्वासाने त्याच्या आश्रयास येतात आणि एकेक करून नाहीसे होतात. मनुस्मृतीने अशा दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ हे नावच देऊन टाकले. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटातही एक मांजर मागील पायांवर उभे राहून तप करीत आहे, आणि उंदीर त्याच्याभोवती जमले आहेत. या सर्व परंपरेत हास्य आहे ते एका गृहीतावर उभे आहे : मांजर मांस सोडू शकत नाही, म्हणून ते सोडल्याचा आव हा ढोंगच असला पाहिजे. मग पिल्लापुढे दूधभात ठेवून त्याला सात्त्विक करू पाहणारा गृहस्थ काय करतो? तो त्याच्यावर बैडालव्रत लादतो. ढोंग कोणाचे, हा प्रश्न आता मांजराला विचारता येत नाही.

अहिंसेची निष्ठा खोटी आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या घरात मुंगीलाही वाट करून दिली जाते तेथे मासळीचा तुकडा आणणे हा सामान्य तडजोडीचा विषय नसून खरा क्लेश असतो, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना तो कळलेला नसतो. पण त्या क्लेशातून मार्ग दोनच निघतात. एक तर पिल्लू घरी आणू नये. आणावयाचे असल्यास त्याच्या देहाचा धर्म त्याच्यासह घरात घ्यावा. एका जिवावर माया करण्यासाठी दुसऱ्या जिवाचे मांस विकत घ्यावे लागते, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या कोणत्याही सूत्रात सुखाने बसत नाही. ती तशीच, न बसलेली, घरात वागवावी लागते. मांजराला आपल्यासारखे करून तिच्यातून सुटू पाहणे हा मात्र मार्गच नव्हे, कारण त्यात झळ सोसतो तो पिल्लाचा देह आणि पुण्य जमा होते गृहस्थाच्या खात्यावर.

निर्बीजीकरणाच्या बाबतीतही असाच कबुलीजबाब हवा. भाटी सहा महिन्यांची होण्यापूर्वीही माजावर येऊ शकते, आणि तिच्या पिल्लांना घरे मिळत नाहीत हे सर्वांना दिसते. शस्त्रक्रिया करवून घेणे योग्यच आहे; मात्र ती सर्वस्वी तिच्या भल्यासाठी केली, असे सांगू नये.

पूर्वीच्या घरात मांजराला एक काम होते. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले २००४ मध्ये प्रकाशात आले. माणूस धान्य साठवू लागला, धान्याने उंदीर आणले, उंदरांनी मांजर आणले, असा हा जुना संबंध आहे. कणगी, बळद, शिंके यांच्या घरात मांजर चोरही होते आणि राखणदारही. त्याचे लाड कमी होत, पण त्याच्या असण्याला कारण लागत नसे. आजच्या शहरी घरात शिंके नाही, कणगीही नाही. संबंध उरला तो आनंदावर, आणि आनंद मुख्यतः पिल्लाच्या खेळाचा. हा पाया मनोहर असला तरी कच्चा आहे. घरात नीट जपलेले मांजर सहज पंधरा वर्षे जगते. त्यातील पिल्लूपण एका वर्षाचे. उरलेली चौदा वर्षे ते बहुधा झोपते, खिडकीतून पाहते, कधीतरी दोरीकडे एक पंजा टाकून विसरून जाते. ज्याच्यासाठी त्याला आणले ते संपले, आणि ते मात्र राहिले.

मग पोते निघते. मांजर पोत्यात घालून मासळीबाजारापाशी किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची रीत जुनी आहे. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे लोक म्हणतात. माणूस त्यात आठव्या घराची भर घालतो, फक्त ते घर नसते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. त्या कायद्याने पहिल्या वेळच्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला. रीत टिकली याचे कारण मात्र दंडाच्या क्षुद्रतेत नाही. मांजर मारल्यास महापाप लागते आणि काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही श्रद्धा महाराष्ट्रापासून उत्तर भारतापर्यंत पसरलेली आहे. पोते हा त्या श्रद्धेने शोधलेला उपाय आहे. पोत्यात मांजर मरत नाही. ते नंतर, दुसरीकडे, कोणाच्या डोळ्यांदेखत नव्हे असे मरते. जी सदसद्विवेकबुद्धी फक्त हत्या मोजते, तिची झोप त्याने मोडत नाही.

भगवतीचरण वर्मा यांची ‘प्रायश्चित्त’ ही हिंदी कथा या बुद्धीचा मोठा मार्मिक पंचनामा करते. दूधदुभत्यावर ताव मारणाऱ्या कबऱ्या मांजरावर घरातील चौदा वर्षांची सून पाट फेकते. मांजर आडवे होते. पंडित येतात. सोन्याचे मांजर किती वजनाचे हवे यावर घासाघीस होते, एकवीस तोळ्यांवरून सौदा अकरा तोळ्यांवर येतो, पूजेच्या सामग्रीची यादी वाढत जाते. एवढ्यात मोलकरीण धापा टाकत येऊन सांगते की मांजर उठून पळून गेले. हत्येचे पाप, नरकाचे भय, घराण्याची लाज, सोन्याचा भाव, सगळ्याची चर्चा तोवर यथासांग झाली होती. त्या सबंध वेळात मांजराजवळ जाऊन त्याचा श्वास चालू आहे की नाही, हे मात्र कोणीही पाहिले नव्हते.