रानजैतुनाचे कलम

ख्रिस्तमंडळीच्या हातून जे प्रमाद घडले त्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा की, देवाने अब्राहामाच्या वंशाला दिलेली सनद रद्द होऊन ते वतन खालसा झाले आणि आपल्या नावे चढले, असे ती शतकानुशतके मानीत व शिकवीत आली. आणि दुःख याचे की, या समजुतीचे खंडन तिच्याच धर्मशास्त्रात आरंभापासून लिहिलेले होते.

इ. स. 57 च्या सुमारास पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. सम्राट क्लौद्याने हद्दपार केलेले यहुदी त्याच्या मृत्यूनंतर रोममध्ये परतू लागले होते, आणि तेथील यहुदीतर विश्वासीयांच्या मनात त्यांच्याविषयी काही तुच्छता डोकावू लागली असावी. कारण अकराव्या अध्यायात पौल त्यांना जैतुनाच्या झाडावर केलेल्या कलमाचा दृष्टांत देऊन बजावतो की, मूळ तुझ्या आधारावर नाही, तू मुळाच्या आधारावर आहेस.

कोकणातला बागाईतदार रायवळाच्या रोपाचा शेंडा छाटतो, खुंट मधोमध चिरतो, हापूसच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतो आणि घट्ट बांधतो. सालीला साल नीट भिडली तरच कलम जीव धरते. खुंट रानवट आणि काडी उंची, ही झाली जगाची रीत. पौलाच्या दृष्टांतात मात्र झाड, म्हणजे इस्राएल, बागेतले आणि काडी, म्हणजे यहुदीतर राष्ट्रे, रानातली! त्याला बागाईत ठाऊक नव्हती असे काही टीकाकार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण हे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे असे तो स्वतःच लिहितो. राष्ट्रांचा समावेश ही केवळ कृपा आहे, आणि तोडलेल्या यहुदी फांद्या त्यांच्याच झाडावर पुन्हा जोडणे देवाला अधिक सुलभ आहे, हेच त्याला त्या उलट्या रीतीतून सांगायचे आहे.

हे विसरल्याचे मोल कोणी दिले? ज्याच्याकडे मुंबई बेटाचा मक्ता होता आणि ज्याचा औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, तो यहुदी वंशाचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळले, आणि त्याच आरोपावरून 1580 मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. याच किनाऱ्यावर, अलिबागच्या परिसरात, शब्बाथाला तेलाचा घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल यहुदी मात्र शेजाऱ्यांच्या तोंडी केवळ ‘शनवार तेली’ होते; त्या नावात द्वेष नव्हता.

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयीही बोलणारी, ख्रिस्तेतर धर्मांवरील आपली घोषणा प्रसिद्ध केली, तेव्हा तिला याच जैतुनाचा आधार घ्यावा लागला. उलट बाजूला, डार्बी व स्कोफील्ड या बायबल-भाष्यकारांच्या परंपरेतील पुष्कळ प्रवचनकार इस्राएलाकडे शेवटच्या काळाचे वेळापत्रक म्हणून पाहतात. त्यातही जिवंत माणसांचा मान राहत नाही, असे मला वाटते. पौल तारीख देत नाही. देवाची दाने व त्याचे पाचारण अपरिवर्तनीय आहेत एवढेच तो ठामपणे सांगतो, आणि त्यापुढे वाद सोडून स्तवन करू लागतो.

आमच्या मंडळीत हा अध्याय वाचला जातो तेव्हा आम्ही तो दुसऱ्या कोणाची कथा म्हणून ऐकतो. वस्तुतः तेथे ज्या रानातल्या फांदीला पौल ‘तू’ म्हणून हाक मारतो, ती आम्ही आहोत.