शाळेतून आलेल्या लेकराचे ऐका



तारापूर एमआयडीसीतली पाळी किंवा डहाणू लोकलचा प्रवास संपवून आपण घरी येतो आणि मुलांना एवढेच विचारतो, “गुण किती मिळाले?” मूल गप्प होते.

१२ वर्षांचा येशू ३ दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा मरियामातेने त्याला कारण विचारले. त्याचे उत्तर आईवडिलांना उमगले नाही. तरी मातेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले (लूक २:४१-५२).

आपणही विचारू या : डबा कोणाबरोबर खाल्लास? कोणी चिडवले का? उत्तर ऐकून लगेच रागावू नका. शाळेत घाबरलेल्या लेकराला घरीही धाकच असेल, तर ते कोणाजवळ बोलेल? आज रोझरीआधी टीव्ही बंद करून १० मिनिटे त्याचे ऐका.