राखण

सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर वनविभागाने जोपासलेले सिद्धेश्वर वनविहार आहे; आणि मित्रहो, 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या घरात गेलेल्या या गिरणगावाच्या कुशीत, जिथे वर्षाकाठी साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरीने, आणि वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तिथे एक वन उभे राहते आणि टिकते, याचे चिंतन करू लागले की चित्त एकाच शब्दापाशी येऊन स्थिरावते. तो शब्द म्हणजे राखण. वन लावणे ही एका पावसाळ्याची गोष्ट आहे, परंतु वन राखणे ही पिढ्यांची.

राखण म्हटले की आपल्यासमोर ज्वारीच्या शेतातला माळा येतो आणि त्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार येतो. तो काय करतो, ते नीट पाहावे. कणसात दाणा तो भरत नाही. दाणा आपल्या वेळेने, भूमीच्या ओलीने आणि थंडीच्या दवाने भरतो. राखणदार त्या दाण्याला तेवढा अवधी मिळवून देतो. जे आपल्या स्वभावाने पूर्णत्वाला जाणार आहे, त्याच्या आड कोणी येऊ नये, एवढीच त्याची साधना असते. आणि वर्षानुवर्षे विचार करता मला असे वाटत आले आहे, की अवधी देणे हेच राखणेचे अंतरंग आहे, कुंपण आणि काठी ही केवळ तिची बाह्य लक्षणे.

ज्यांचे नाव या वनाने धारण केले आहे, त्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांकडे पाहिले म्हणजे हा अर्थ अधिक उजळतो. बाराव्या शतकातील या सत्पुरुषाने या रुक्ष भूमीत तलाव निर्माण केला आणि श्रमालाच शिवपूजेची प्रतिष्ठा दिली. चार महिन्यांत पडलेले पाणी पुढचे आठ महिने थांबवून धरणे, धावत्या थेंबाला राहण्याचा अवधी देणे, ही राखणच नव्हे काय? त्यांनी नगराभोवती अडुसष्ट लिंगे स्थापन केली. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि मग अक्षता सोहळा संपन्न होतो. एक अख्खे नगर वर्षातून एकदा आपल्या सीमांना प्रदक्षिणा घालते, प्रत्येक स्थानाची आठवण ठेवते. ज्याची आठवण ठेवली जाते तेच राखले जाते, हे या नगराला कोणी वेगळे शिकवण्याची आवश्यकता नाही.

आता वृक्षांकडे वळू. या भूमीचे मूळचे वृक्ष म्हणजे हिवर, बाभूळ, बोर, खैर, कडुनिंब: त्यांतले बहुतेक काटेरी, बारीक पानांचे आणि पाणी जपून वापरणारे. दूर भूमध्य सागराच्या काठी, अथेन्ससारख्या महानगरांच्या सभोवती, पाइनची अरण्ये आहेत; त्यांच्या सुईसारख्या पानांनीही कोरड्या उन्हाळ्याशी असाच करार केला आहे. त्यांतील अलेप्पो पाइनची कथा राखणेच्या दृष्टीने मननीय आहे. त्याची कित्येक फळे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात, वणव्याच्या उष्णतेने उमलतात आणि राखेवर बीज सांडते. म्हणजे जळूनही ते वन परत उठते. परंतु उठलेली रोपे स्वतः बीज धरू लागण्याआधीच दुसरा वणवा आला, तर मात्र ते वन परतत नाही. अग्नी सोसण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी आहे. त्याला हवे असते ते दोन अग्नींमधले अंतर. तो अवधी राखणे मनुष्याच्या हाती असते, आणि तेथेही आज राखणेचाच प्रश्न उभा आहे.

येथे एक सूक्ष्म भेद आहे, तो निसटू देऊ नये. राखायचे ते कोणाचे रूप? शहराच्या उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. त्या परिसरासह 1979 मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले, ते आरंभी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे होते, पुढे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. माळढोक हा माळाचा पक्षी. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याविना. त्याला दाट झाडी नको, दूरवर दिसणारे गवत हवे. कुसळी, पवन्या, मारवेल यांना फुलून बी सांडेपर्यंत चरणारे तोंड आणि चालणारे पाऊल दूर राहायला हवे. आपण मात्र माळ रिकामा समजलो. हिरवे म्हणजे झाडच, या श्रद्धेने कितीतरी माळांवर मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प लावला गेला, नान्नजच्या परिसरातही लावला गेला. हेतू शुद्ध होता, हे मी मनापासून मानतो. पण ज्याचे रक्षण करायचे त्याचा स्वभाव न ओळखता केलेली सेवा त्याच्यावरच भार होते. त्यात विजेच्या तारांची भर पडली. समोरचे नीट न दिसणाऱ्या या जड पक्ष्याला तार चुकवता येत नाही. एकेका अंड्याच्या अवधीवर ज्याचा वंश चालतो, तो माळढोक आज नान्नजच्या माळावर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. काळवीट आणि लांडगे अजून आहेत, ही त्या भूमीची कृपा.

म्हणून विजापूर रस्त्यावरच्या वनात वृक्षांची दाटी राखावी आणि नान्नजला गवताची मोकळीक राखावी; दोन्ही एकाच धर्माची अंगे आहेत. जिथे जे आपल्या स्वभावाने आहे, त्याला तिथे पुरे होऊ देणे, इतका संयम ज्या नगरापाशी असेल त्याच्या दाराशी वन राहते, आणि ज्याच्यापाशी नसेल त्याला कितीही रोपे लावून वन लाभत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा सोलापूरकरहो, वनात जा, जरूर जा, थंडीच्या सकाळी मुलांना घेऊन जा. पण पाखरांना खाऊ टाकू नका, पायवाट सोडू नका. होळीपासून पुढे गवत वाळून खडखडीत होते. त्या दिवसांत काडी किंवा विडी घेऊन आत जाऊ नका, आणि वनरक्षक वणवा अडवणारी जाळरेषा काढताना दिसले तर त्यांना हातभार लावा.