बुडालेल्या दिवसांचे देणे

‘शाळा पूर्ववत सुरू झाल्या’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपण इतक्या वेळा वाचले व ऐकले आहे, की त्यात विचारण्यासारखे काही उरले आहे असे सहसा कोणास वाटत नाही. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशभर शाळा बंद झाल्या. वरच्या इयत्ता मधूनमधून भरल्या, पुन्हा बंद झाल्या. महाराष्ट्रात पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र १ डिसेंबर २०२१ ही तारीख उजाडेपर्यंत थांबावे लागले. मुंबई-पुण्यात त्याहूनही काही दिवस अधिक. जानेवारी २०२२ मध्ये साथीची आणखी एक लाट आली आणि वर्ग पुन्हा काही काळ बंद राहिले. शेवटी जून २०२२ मध्ये नवे वर्ष नेहमीच्या वेळी सुरू झाले, आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतर प्रांतांतील तारखा थोड्याफार निराळ्या असतील. कथा बहुतेक ठिकाणी हीच आहे.

शाळेचा दिनक्रम ही क्षुल्लक बाब आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. घंटा, प्रार्थना, हजेरी, पाढे, मधल्या सुट्टीतील खिचडी, पुन्हा घंटा. मोठ्यांना कंटाळवाणा वाटणारा हा क्रम मुलाच्या मनाला फार मोठा आधार देतो. उद्याही बाई येणार आहेत, उद्याही शेजारी तोच मित्र बसणार आहे, हे त्याला ठाऊक असते. जलप्रलय ओसरल्यावर परमेश्वराने नोहाच्या वंशजांना प्रथम कोणते अभिवचन दिले, हे उत्पत्तीच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पाहावे. तेथे राज्य किंवा संपत्ती यांचा उल्लेख नाही. पेरणी व कापणी, थंडी व ऊन, दिवस व रात्र यांचा क्रम थांबणार नाही, एवढेच तेथे म्हटले आहे. एवढ्या मोठ्या संहारानंतर देवाने मनुष्याला जे परत दिले, तो दिनक्रम होता.

तेव्हा घंटा पुन्हा वाजू लागली, हे चांगलेच झाले. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. घंटा वाजू लागली म्हणजे आपले काम संपले काय?

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या एखाद्या मुलीचा विचार करावा. त्या वर्षी ती शाळेत गेलीच नाही. दुसरीच्या वर्षी कदाचित तीन-चार महिने गेली. जून २०२२ मध्ये ती तिसरीच्या बाकावर बसली, आणि तिच्यासमोर तिसरीचे पुस्तक उघडले गेले. हे पुस्तक लिहिणाऱ्यांनी तिला वाचता येते असे गृहीत धरले होते. त्यात त्यांचा दोष नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या, माझ्या परिचयाच्या एक बाई त्या दिवसांविषयी सांगत होत्या : “सर, मुले धडा म्हणायची, अगदी घडाघडा म्हणायची. जवळ जाऊन पाहावे, तर बोट दुसऱ्याच ओळीवर. ऐकून पाठ केलेले असायचे.”

घरबसल्या शिक्षणाचे साधन प्रत्यक्षात किती मुलांच्या हाती होते, याचा एक अंदाज उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अभ्यासकांच्या पुढाकाराने देशातील पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली. खेड्यांतील केवळ ८ टक्के मुले मोबाईल वा संगणकाद्वारे नियमित शिकत होती. ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबला होता.

आता यात नैतिक प्रश्न कोणता, असे कोणी विचारील. साथ आली; तिला कोणी बोलावले नव्हते. ज्यात कोणाचा अपराध नाही, त्यात देणे कोणाचे?

या आक्षेपाचा विचार करताना मला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील एक लहानसा नियम आठवतो. या नियमांवरून आपण सहसा भरभर पुढे जातो. भाषांतरकाराला मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबणे भागच असते. दोन माणसांचे भांडण होते. एकाच्या हातून दुसरा जखमी होतो, मरत नाही, पण अंथरुणास खिळतो. पुढे तो उठून काठी टेकत बाहेर चालू लागला, तर मारणारा निर्दोष ठरतो. तथापि नियम येथे संपत नाही. जखमी माणसाचे जे दिवस बुडाले त्यांचे मोल मारणाऱ्याने द्यावे आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याची काळजी वाहावी, अशी त्यास जोड आहे. बुडालेल्या दिवसांसाठी मूळ इब्रीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘त्याचे बसून राहणे’ किंवा ‘त्याचे काम थांबणे’ असा घेता येतो.

या नियमात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की मनुष्य निर्दोष ठरतो आणि तरीही देणेकरी राहतो. आपल्या बोलण्यात दोष आणि देणे हे शब्द इतके चिकटून बसले आहेत, की एक नाकारला की दुसराही सुटला असे आपण समजतो. मोशेच्या नियमशास्त्रात तसे नाही. पुढच्याच अध्यायात शेतातली आग काटेरी झुडपांना लागून दुसऱ्याच्या उभ्या पिकापर्यंत पोहोचल्याचा प्रसंग आहे. तेथे जाळण्याचा हेतू होता काय, याची चौकशी नाही. ज्याने आग पेटवली त्याने भरून द्यावे, एवढेच आहे. दुसरी गोष्ट अशी, की देणे चुकवण्याची वेळ जखमी माणूस चालू लागल्यावर येते. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व पूर्ववत झाल्यासारखे दिसते, त्याच वेळी हिशेब मांडायचा असतो.

शाळा बंद ठेवण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. पहिल्या काही महिन्यांत तरी तो समंजस होता. पुढे तो इतका लांबवायला हवा होता काय, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. परंतु त्या निर्णयाचा लाभ कोणाला झाला व किंमत कोणी मोजली, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. या रोगाचा गंभीर धोका लहान मुलांना फार कमी आणि वृद्धांना सर्वाधिक होता. मुलांना घरी ठेवण्यात मोठा हेतू हा होता, की रोग त्यांच्यामार्फत घराघरांत पोहोचू नये. आजी-आजोबा वाचले ते मुलांचेही भले झाले, हे खरे आहे. पण भले सर्वांचे झाले आणि दिवस बुडाले ते मुख्यतः मुलांचे, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक गोष्ट अप्रिय वाटली तरी लिहिली पाहिजे. महाराष्ट्रात उपाहारगृहे ऑक्टोबर २०२० मध्ये उघडली. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, आणि दुसऱ्या लाटेत बंद झाल्यावर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. पहिलीचा वर्ग १ डिसेंबरची वाट पाहत राहिला. प्रार्थनास्थळे उघडावीत म्हणून सर्वच धर्मांच्या लोकांनी आग्रह धरला, आणि त्यात गैर काही नव्हते. पहिलीच्या वर्गासाठी तितक्या मोठ्याने बोलणारे फार थोडे निघाले. सहा वर्षांच्या मुलांना निवेदने लिहिता येत नाहीत. या मुलांना तर अक्षरेच यायची होती.

येथे कोणी म्हणेल, की आता ते सर्व भरून निघाले आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ ही ग्रामीण भारताची पाहणी पाहावी. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले, आणि २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांवर आले. परंतु २०२४ मध्ये तिसरीत बसलेली मुले वेगळी होती. त्यांनी पहिलीत पाऊल टाकले तेव्हा शाळा उघडलेली होती. वर्ग जागेवर राहतो आणि मूल पुढे जाते. त्यामुळे वर्गाचा आकडा सावरला म्हणजे मूल सावरले असे होत नाही. २०२० साली पहिलीत असलेली मुले २०२४ मध्ये पाचवीत होती. त्यांच्यापैकी तोच दुसरीचा मजकूर सुमारे ४९ टक्के मुलांना वाचता आला. २०१८ च्या पाचवीचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे या मुलांनीही बरीच मजल मारली, आणि त्याचे श्रेय फाटक्या नकाशांच्या वर्गांत दुप्पट राबलेल्या शिक्षक-शिक्षिकांना मनापासून दिले पाहिजे.

आणि तरीही आपण नेमके कोठे परत आलो, हे पाहावे. पाचवीतील दोन मुलांपैकी एकाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, ही आपली ‘पूर्ववत’ स्थिती. साथीपूर्वीही ती तशीच होती. साथीने तिच्यावरचे पांघरूण काही काळ ओढून काढले, इतकेच. ऊसतोडणीसाठी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या बीड-अहिल्यानगरकडील मुलांना तर शाळा अर्ध्यावर तुटणे हे आधीपासूनच ठाऊक होते. इतर मुलांवर जे एकदा ओढवले, ते त्यांच्यावर दर वर्षी ओढवते.

जुन्या करारात ‘परत येणे’ या अर्थाचे ‘शूव’ हे क्रियापद हजाराहून अधिक वेळा येते. देवाकडे वळणे, बंदिवासातून परतणे, पश्चात्ताप करणे, सर्वांसाठी तेच. पण योएलाच्या दुसऱ्या अध्यायात, टोळांनी खाल्लेल्या वर्षांविषयी परमेश्वर बोलतो तेथे, हे क्रियापद वापरलेले नाही. तेथे ‘शालोम’ या शब्दाचे ज्या धातूशी नाते आहे त्याच धातूचे रूप आहे, आणि त्याचा अर्थ भरून देणे, पुरते करणे असा होतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, जळलेले पीक भरून देण्याच्या नियमात, हेच क्रियापद येते. भाषांतर करताना मला या ठिकाणी नेहमी असे वाटत आले आहे, की संदेष्ट्याने अशक्य गोष्ट सांगितलेली नाही. गेलेली वर्षे परत येत नाहीत. त्याच्या आधीच्याच ओळीत खळी धान्याने भरण्याचे आणि कुंडे द्राक्षारसाने व तेलाने वाहू लागण्याचे चित्र आहे. वर्षांनी जे पीक द्यायला हवे होते, ते पीक दिले जाते.

त्या मुलीला तिचे सहावे वर्ष कोणी देऊ शकणार नाही. त्या वर्षाचे पीक म्हणजे वाचता येणे. ते देता येते. ते देण्याची रीत मात्र वयाप्रमाणे बदलावी लागते. साक्षरतेच्या कामात आम्हाला हा अनुभव वारंवार येतो : वाचायला नव्याने शिकणाऱ्या मोठ्या मुलाच्या हाती बाराखडीचे चित्रमय पुस्तक दिले, की तो ते मिटून ठेवतो. अक्षरे ठळक हवीत, वाक्ये आखूड हवीत, परंतु विषय त्याच्या वयाचा हवा. बारा वर्षांच्या मुलाला ससा आणि कासव नको असते. मार्ककृत शुभवर्तमान अशा वाचकांसाठी चांगले, कारण त्यात घटना भराभर पुढे सरकतात. क्रिकेटची बातमीही चालते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या वाचकांस सांगायला नको. तरी एका बाबतीत ते येथे उपयोगी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, आणि या मुलींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. रमाबाईंपाशी चालू असलेली शाळा होती, शारदा सदन. त्याच शाळेच्या वेळापत्रकात या मुलींना बसवता आले असते. परंतु मुलींची गरज पाहून शाळा बदलली : आधी अन्न व शुश्रूषा, मग अक्षर, आणि अक्षराबरोबर हाताला काम. मुलींनी काय गमावले आहे, तेथून शिक्षणाला आरंभ झाला.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. महाराष्ट्रात १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. त्याच वर्षी केंद्राने ‘निपुण भारत’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा मुख्य भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. भर योग्यच आहे. पण ज्यांचे दिवस बुडाले ती मुले आता तिसरीच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. पहिलीतली ती मुलगी आज उच्च प्राथमिक शाळेत आहे, आणि जी मुले तेव्हा चौथी-पाचवीत होती ती तर शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचली, किंवा त्याआधीच गळाली.

या मुलांची नावे शासनाच्या कागदांत शोधण्याची गरज नाही. ती आपल्या मंडळीतही आहेत, संडे स्कूलमध्ये आहेत. वचन वाचण्याची पाळी आली की शेजाऱ्याकडे पुस्तक सरकवणारी मुले शिक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत. त्यांना सर्वांदेखत वाचायला लावू नये. एकेकट्याजवळ बसून ऐकावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक तास, तीन-चार मुलांमागे एक वाचणारा माणूस, एवढी तजवीज बहुतेक मंडळ्यांना जमण्यासारखी आहे. निवृत्त शिक्षिका प्रत्येक मंडळीत दोन-तीन तरी असतात. जागेचा प्रश्न नाही. चर्चचा हॉल आठवड्यातील पाच-सहा दिवस बंदच असतो, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे सर्वांना ठाऊक असते.