चौऱ्यांशीला टेकलेली पाठ



पंढरीच्या मंदिरात सोळखांबीतील शिलालेख तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्याला ‘चौऱ्यांशी’ म्हणतो. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा भाव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आजोबांनी घासली, वडिलांनी घासली, म्हणून लेकरालाही कोणी दगडापाशी उभे करून म्हणते, ‘टेक पाठ.’ या भावाची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र एक प्रश्न आपण आपल्याच मनाला विचारावा. ज्या दगडाला पाठ लावतो, त्यावर लिहिले काय आहे?

लेख शके ११९५ ते ११९९ या काळातला, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ मधला. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवांचे राज्य होते. लेखात राजाचे नाव आहे, त्यांचे अधिकारी हेमाद्री पंडित यांचे आहे, आणि त्यांच्या जोडीने ज्यांनी ज्यांनी विठ्ठलाच्या मंदिरासाठी द्रव्य दिले त्यांची नावे आणि रकमा आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर ही देणगीची यादी. पण जरा काळाचा हिशेब करून पाहा. ज्ञानोबारायांचा जन्म परंपरेने शके ११९७ चा मानतात, नामदेवरायांचा ११९२ चा. म्हणजे टाकीचे घाव या दगडावर पडत होते तेव्हा माउली नुकती जन्माला येत होती आणि नामदेवराय तीन ते सात वर्षांचे होते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये. ही सारी त्याआधीची माणसे. त्यांच्या हाती ना हरिपाठ होता, ना गाथा, आणि तरी त्यांनी पदरचे काढून पंढरीच्या देवाला दिले. यांतील कित्येकांचा दुसरा पुरावा जगात कोठेही उरला नसेल. त्यांचे असणे या अक्षरांपुरतेच, आणि ही अक्षरे आपल्या पाठींनी झिजली आहेत.

यावर कोणी म्हणेल, झिजू द्या. सगळे नाशिवंतच आहे, दगड का त्याला अपवाद? देणाऱ्यांनी नावासाठी दिले नव्हते, देवासाठी दिले होते. हा आक्षेप खोटा नाही. त्याहून एक जड आक्षेप आहे, आणि जुन्या मंदिराच्या जतनाची गोष्ट निघाली की वारकऱ्याने तो आधी ऐकला पाहिजे. ‘हात लावू नका, लांबून पाहा,’ हे शब्द पंढरीत फार कडू आहेत. चोखोबारायांना हेच सांगितले गेले. तेव्हा शिलालेखाच्या रक्षणाचे कारण नव्हते, विटाळाचे होते. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या समाजाला त्या दारातून आत जायला सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले, दहा दिवस अन्न घेतले नाही, तेव्हा मंदिर सर्वांना खुले झाले. आज कोणीही, कोणत्याही जातीचा, बारीत उभा राहतो आणि थेट पायांवर डोके ठेवतो. इतक्या मोलाने मिळालेला स्पर्श ‘वारसा’ हा एक नवा शब्द पुढे करून काढून घेता येईल काय? मला विचाराल तर, नाही.

मग चौऱ्यांशीचे काय? उत्तर त्याच दारात, चोखोबारायांच्या शेजारी आहे. नामदेव पायरी. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवराय तेथे राहिले, अशी श्रद्धा आहे. म्हणजे त्यांनी मागितले ते आपले पाय. आणि आपण काय करतो? तेवढी पायरी हाताने शिवतो, हात कपाळाला लावतो आणि पाय उचलून पलीकडे टाकतो. ते कोणी बजावले म्हणून नव्हे. दूर ठेवले जाणे आणि आपण होऊन पाय उचलणे, बाहेरून पाहिले तर दोन्हींत अंतर सारखेच, वीतभर. चोखोबांना ठेवले गेले ते एक अंतर. नामदेवरायांपुढे आपण राखतो ते दुसरे. पहिल्यात माणूस हलका होतो. दुसऱ्यात समोरचा मोठा होतो आणि आपले काही उणे होत नाही.

चौऱ्यांशीपुढे हे दुसरे अंतर राखायला काय हरकत आहे? देव सर्वांचा आहे, म्हणून त्याच्या पायांवर सर्वांचा हक्क. पण त्या दगडावरची नावे परक्या माणसांची आहेत. आपला फेरा चुकावा म्हणून दुसऱ्याचे नाव पुसायचे, हा व्यवहार वारकऱ्याला शोभणारा नाही. आणि फेरा चुकण्याचे म्हणाल तर संतांनी त्यासाठी नाम सांगितले, पाठ घासणे सांगितलेले माझ्या तरी ऐकिवात नाही.

मूर्तीचे मात्र इतके सोपे नाही, हे कबूल केले पाहिजे. लाखो हातांनी पाय झिजतात, म्हणून पूर्वी अनेकदा वज्रलेप करावा लागला. देव झिजत नाही हे खरे, पण जी मूर्ती आज तुमच्या हाताला लागते ती तुमच्या पणतूच्या हाताला लागावी, हेही खरेच. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचे काम निघाले. गाभाऱ्यात नंतरच्या काळात लावलेली चांदी आणि गुळगुळीत दगड काढून खालचा जुना पाषाण मोकळा केला. फरशीखाली एक तळघर सापडले, त्यात मूर्ती होत्या. त्या काळात, मार्चच्या मध्यापासून जवळजवळ अडीच महिने, पदस्पर्श बंद होता आणि मुखदर्शनच मिळत होते. लोकांनी ते सोसले. आषाढीला बारी हाताबाहेर गेली की कळस पाहून माघारी फिरणारे वारकरी तर दरवर्षी असतातच, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. तेव्हा उद्या जाणकारांनी सांगितले की वर्षातले काही दिवस पायांना विसावा हवा, तर ते सर्वांना सारखेच लागू असेल एवढे आपण पाहावे. मोठ्या माणसाला आत आणि वारकऱ्याला बाहेर, असे झाले तर मात्र ते पहिलेच अंतर, नवे नाव घेऊन आलेले.

पुढच्या वारीत सोळखांबीत पोहोचाल तेव्हा मागे रेटा असेल, चोपदार ‘चला माउली, चला’ म्हणत असेल. थांबायला मिळणार नाही. तरी बरोबरच्या लेकराला बारीत उभे असतानाच सांगून ठेवा, की आत एक दगड आहे, त्यावर साडेसातशे वर्षांपूर्वी देवाला पैसे देणाऱ्या माणसांची नावे मराठीत कोरली आहेत. त्याला एखादे तरी अक्षर ओळखता येते का, ते पाहू द्या.