दोन बोटांची फट

सतरंजीवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वर दोन बोटं आडवी टेकवायची. पोटाच्या उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्यांमधली फट दोन बोटांहून रुंद लागली, बोटं आत रुतली, तर व्यायामाचा बेत जरा बदलायला हवा. गर्भ वाढताना या पट्ट्या लांब सरकतात आणि मधला पडदा ताणून पातळ होतो. पहिल्या दोनेक महिन्यांत तो बराचसा सावरतो. काहींचा मात्र सावरत नाही. हे न तपासता पोट आत घालवण्याच्या घाईत सिट-अप्स मारणाऱ्या बाळंतिणीच्या पोटावर मधोमध उंचवटा उभा राहतो.

फिजिओथेरपिस्टला या तपासणीला मिनिटभर लागतं. बारशाला आलेल्या पाहुण्यांना तेवढाही वेळ लागत नाही. ‘अंग फार सुटलं गं!’ म्हणून त्या पेढा उचलतात.

जुन्या पद्धतीला हसण्यात अर्थ नाही. सव्वा महिना विश्रांती, शेक, मालीश, पोटाला घट्ट बांधलेलं सुती धडपं. डॉक्टर सहा आठवडे सांगतात, ते जवळपास तेवढेच. या काळात किलोभराचं गर्भाशय आकसून साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. धडप्याने पाठीला आधार मिळतो. चरबी मात्र वितळत नाही. डिंकाच्या नि अळिवाच्या लाडवांनाही कारण होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा शरीराला उपाशी ठेवून वजन उतरवायला सांगणं हा शुद्ध आडमुठेपणा. अडचण एवढीच, की परंपरेकडे सव्वा महिन्यानंतरचा धडाच नाही. दळण, पाणी, शेत यांतून तो आपोआप मिळत असे. आता लाडवांचा डबा उरला आणि जातं गेलं.

दुखण्याच्या एका भागाबद्दल तर कुणी बोलतच नाही. शिंक आली, बाळाला उचललं, की थेंबभर लघवी होते. ‘बाळंतपणानंतर होतंच’ म्हणून सासूही गप्प, सूनही गप्प. यासाठीच अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम १९४८ साली मांडला. त्याला ना मशीन लागतं, ना फी. बाळाला पाजताना बसल्या बसल्याही तो करता येतो. धावण्याचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तीन महिन्यांच्या आत धावू नका, असंच सुचवलं. सिझेरियन झालेल्या बाईने तर वरचा टाका सुकला म्हणजे आतलंही सगळं जुळलं, असं मुळीच समजू नये.

आपल्याला मात्र लगेच उठून उभी राहणारी बाई आवडते. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते: तमाशा चालू असताना बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांना थांबणं परवडलं असतं का, हे कौतुक करणारे विचारत नाहीत. मुष्टियोद्धा मेरी कोमने २००७ मध्ये जुळ्यांना जन्म दिला आणि २००८ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. सानिया मिर्झाने ८९ आणि ६३ किलोंचे आपले फोटो शेजारी शेजारी टाकले. तिचा मुलगा ऑक्टोबर २०१८ चा. स्पर्धेच्या टेनिसमध्ये ती परतली जानेवारी २०२० मध्ये, होबार्टला, आणि दुहेरीचं विजेतेपद घेऊन गेली. फोटो पाहणाऱ्याला २६ किलो दिसतात, मधले पंधरा महिने दिसत नाहीत. शिवाय व्यायाम हा तिचा पेशाच होता.

बाकीच्यांचं गणित वेगळं. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतरही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला बावीसेक मिनिटं. पगारी रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. पण घरकाम करणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या बाईपर्यंत ही रजा पोचतच नाही. जिथे पोचते, तिथेही घरातली ती बावीस मिनिटं कुणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात एखादी नवी आई भराभर फेऱ्या मारताना दिसते. दर फेरीला ती पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघते. तिथे नवरा बाळाला खांद्यावर घेऊन उभा असतो आणि हाताने खुणावतो: अजून एक मार, झोपलाय तो.